मे अखेर

सांगायचं कधी, हेच दोन महिने ठरत नव्हतं.
मार्चात बांगडा भरभरून आला,
रात्री तीनला ट्रकवाले हॉर्न मारत उभे,
अशा वेळी कोणी ‘सोडतोय’ म्हणतं का?
एप्रिलात शेठची आई गेली.
मग एका दुपारी, डबे मिठाच्या पाण्यातून वर येत असताना
कॉम्प्रेसरच्या धडधडीत मी बोलून टाकलं,
आणि कासमशेठना ऐकूच गेलं नाही.

तेच दुसऱ्यांदा बोलायला
छाती आणखी मोठी लागते.

त्यांनी चहा मागवला. बशीत ओतला. फुंकर मारली.
“हंगाम काढशील?”
“काढीन. बंदीला होड्या वर ओढल्या की जाईन.”
“मग ठीक.”
सतरा वर्षांचं एवढंच बोलणं,
आणि चहा बशीत तसाच,
त्यावर साय धरेपर्यंत.

नवा पोरगा रोहिदास, आडिवऱ्याचा,
आयटीआय शिकलेला, हातात कडं.
त्याला म्हटलं, अमोनिया सुटला
की आधी डोळे सांगतात, नाक मागून येतं.
तिसरा व्हॉल्व्ह शिवी दिल्याशिवाय फिरत नाही;
कुठली शिवी, ते त्याला बाहेर नेऊन सांगितलं,
आत शेठ नमाजाला उभे होते.
आणि लादी काढताना डब्यावर हातोडा मारू नकोस,
तडकते.
साध्या पाण्यात डबा जरा बुडव,
गप उभा राहा.
ती आपली आपण सुटते,
चारी कोपरे शाबूत.

त्याने सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं.
शिवीसुद्धा.

एकतीस तारीख. साखरीनाट्यात धक्क्यावर
शेवटची होडी चढवताना पोरांचा एकच हाकारा,
जाळी वाळत पडलेली, मांजरं हताश.
ऑफिसात वही उघडली.
माझ्या नावावर उचल बाकी: तीन हजार दोनशे,
बहिणीच्या लग्नातली, कुरतडत कुरतडत उरलेली.
शेठची सून नफीसा लिहायला बसलेली. म्हणाली,
“अब्बांनी रेघ मारायला सांगितलीय.”
मी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

शेठ पाकिटाकडे बघत राहिले.
मग माझ्याकडे.
मग चष्मा लावला, अंगठा जिभेला लावला
आणि नोटा मोजल्या. दोनदा.
एक शंभराची बाजूला काढली.
“फाटकी आहे. बदलून दे.”
मी बदलून दिली.

सतरा वर्षांत माझा एवढा मान
त्या टेबलावर कधी झाला नव्हता.

“राजापुरात दुकान नक्की कुठे?”
“जवाहर चौकातून खाली, पिठाच्या गिरणीला लागून.
फ्रीज, कूलर, दोन्ही दुरुस्त करीन.”
“आमचा फ्रीज बिघडला तर?”
“पहिल्या एस्टीने येईन. पण पैसे घेईन.”
“घे की. मी घासाघीस करीन.”
नफीसा वहीत तोंड घालून हसली.

मग आम्ही दोघे आत गेलो, मशीन बंद करायला.
दरवर्षी मीच करतो. यंदा खटक्यावर
माझ्या हातावर त्यांचा हात आला,
थंड, खरखरीत, मीठ लागलेला.
पट्टा फिरत राहिला थोडा वेळ, मग थकला.
मग काहीच नाही.

छपरावर कावळ्याची नखं ऐकू आली.
खाडीचं पाणी जेटीखाली चुळकन वाजलं.
अरे, हे सगळं इथे होतंच?

किल्ली त्यांच्या हातात दिली,
पायरी उतरलो, वळलो
आणि सवयीप्रमाणे, बेंबीच्या देठापासून,
“येतो शेठ!”
रिकाम्या टाक्यांतून माझाच आवाज परत आला.

ते दारात उभे होते, चार पावलांवर.
इतक्या वर्षांत त्यांचा खरा आवाज
मी पहिल्यांदा ऐकला. बारीक आहे.
एवढ्या मोठ्या माणसाला न शोभणारा.

“ओरडतोस कशाला,” म्हणाले.
“ऐकू येतंय.”